बंब, बॉयलर आणि खुलताबादचा रस्ता : कचऱ्यातून विजेची गोष्ट



आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी तांब्याचा बंब होता? हात वर करा. अरे वा, पुढच्या रांगेतले जवळजवळ सगळेच. मागच्या रांगेतल्या मुलांसाठी सांगतो. बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. मधोमध नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचं ताट. त्यासाठी बारीक फोडलेलं लाकूड विकत मिळायचं, त्याला बंबफोड म्हणायचे. पण आमच्या आजीला बंबफोड विकत आणणं म्हणजे उधळपट्टी वाटायची. तिच्या बंबात शेंगांची टरफलं जायची, नारळाच्या करवंट्या जायच्या, मक्याच्या कणसाची बुरकुंडं, आलेली पाकिटं, फाटलेल्या वह्या, तुटलेल्या खुर्चीचा पाय, सगळं जायचं. माझं चौथीचं एक प्रगतिपुस्तकही गेलं होतं, पण ते मी टाकलं होतं. (हशा)

तर हा बंब म्हणजे घरगुती कचऱ्यापासून ऊर्जा निर्माण करणारा प्रकल्पच होता. खाली पडलेल्या राखेनं भांडी घासायची. जे जळायचं नाही ते, म्हणजे भाजीचे देठ, उष्टं-खरकटं, शेण, ते गुरांपुढे किंवा उकिरड्यावर. आणि उकिरडा म्हणजे घाण असं तेव्हा कुणी मानत नव्हतं. उकिरडा ही शेतकऱ्याची ठेव होती. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असं आपण म्हणतो. वैशाखात गाड्या भरून ते खत शेतात पडायचं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा तासभर मी तिच्याभोवतीच फिरणार आहे. आजी बंबात काय टाकायचं आणि काय नाही हे बघून टाकायची. ओली पालेभाजी बंबात घातली तर धूर होतो आणि पाणी गार राहतं, हे तिला कुठल्या इंजिनिअरनं शिकवलं नव्हतं.

खुलताबादेत या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा काहींनी विचारलं, इथे कशाला? इथे औरंगजेबाच्या कबरीवर बोला, सूफी संतांवर बोला, वेरूळवर बोला. पण बघा, इथेच मलिक अंबरची कबर आहे. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली आणि त्या गावाला डोंगरातून पाणी आणून देणारी नहर बांधली. पाणी कसं आलं याचा इतिहास आपण कौतुकानं सांगतो, पाणचक्की पाहुण्यांना दाखवतो. शहरातून बाहेर काय गेलं, कुणी नेलं आणि कुठे टाकलं, याचा इतिहास मात्र कुणी दाखवायला नेत नाही. त्यात एक कारण हेही आहे की ते काम ज्यांच्या माथी मारलं होतं त्यांच्या हाती लेखणी नव्हती. मुंबईत या कामाच्या करालाच ‘हलालखोर कर’ म्हणत. एका समाजाचं नाव थेट पालिकेच्या कायद्यात करावर बसलं होतं.

कचरा जाळून उष्णता वापरायची कल्पना जुनीच आहे. कैरो शहरात सार्वजनिक हमाम असायचे आणि त्यांच्या भट्ट्या शहरातल्या कचऱ्यावर चालायच्या. त्याच भट्टीच्या निखाऱ्यावर रात्रभर घेवड्यासारख्या दाण्यांचे हंडे शिजत ठेवायचे आणि सकाळी तेच लोकांची न्याहारी. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पुढच्या वेळी गेलात की तिथे उभं राहून कैरोच्या त्या न्याहारीची आठवण काढा.

आता विजेकडे येतो. १८९७ हे साल लिहून घ्या. त्या एका सालात तीन गोष्टी घडत होत्या.

पहिली लंडनमध्ये. शोरडिच नावाच्या भागात २८ जून १८९७ रोजी एका वीजघराचं उद्घाटन झालं. उद्घाटन कुणी केलं? लॉर्ड केल्विन यांनी. हो, तेच तापमानाचे केल्विन. या वीजघरात कोळशाऐवजी प्रामुख्यानं घराघरातला कचरा जाळून वाफ करायचे, वाफेवर यंत्र आणि यंत्रावर वीज. उरलेली उष्णता शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहाला. इमारतीवर लॅटिनमध्ये ब्रीद कोरलं होतं, त्याचा अर्थ ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’.

‘धूळ’ हा शब्द इथे महत्त्वाचा. लंडनचे लोक कचऱ्याला धूळच म्हणायचे, कारण त्यांच्या कचऱ्यात सगळ्यात जास्त काय असायचं? शेगडीतली राख. आणि त्या राखेत अर्धवट जळलेला कोळसा. थंड देश, घरोघरी कोळशाची शेगडी. म्हणजे शोरडिचच्या भट्टीत जो ‘कचरा’ जळत होता तो बऱ्याच अंशी दुसऱ्यांदा जळणारा कोळसा होता. हे आपण विसरलो आणि पुढे फार महागात पडलं. नॉटिंगहॅमला १८७४ मध्येच कचरा जाळायची मोठी भट्टी उभी राहिली होती. त्या भट्टीला तेव्हा जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘विध्वंसक’ असा होतो. नाव कसलं सुंदर ठेवलंय!

दुसरी गोष्ट मुंबईतली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि १८९७ साल सगळं त्या साथीत गेलं. लोक शहर सोडून पळाले. कचरा हा एकदम जीवनमरणाचा प्रश्न झाला. पालिकेनं उपाय काय काढला? जाळायचा नाही, लांब न्यायचा. देवनारची दलदल घेतली आणि १८९९ पासून महालक्ष्मीहून कचऱ्याची रेल्वेगाडी तिकडे जायला लागली. सव्वाशे वर्षं झाली, ते देवनार अजून तिथेच आहे, फक्त दलदलीच्या जागी डोंगर उभा राहिला. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर अवकाशातून दिसत होता. म्हणजे मुंबईनं कचरा जाळायचा नाही असं ठरवलं खरं, पण तो जळायचा राहिला नाही. वीज मात्र त्यातून एक युनिट मिळाली नाही.

तिसरी गोष्ट माझी आवडती आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयगृह होतं. ते १८९० मध्ये हॅरी ॲकवर्थ या पालिका आयुक्तांच्या प्रयत्नानं उभं राहिलं. हे ॲकवर्थ म्हणजे तेच, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. पोवाड्याच्या अभ्यासकांना ॲकवर्थ माहीत असतात, आरोग्य खात्यातल्या लोकांना ॲकवर्थ रुग्णालय माहीत असतं. दोघे एकच, हे दोन्हीकडच्या लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. तर या आश्रयगृहात मैलापाण्यासाठी बंद टाक्या बांधल्या होत्या. १८९७ च्या सुमारास त्या टाक्यांना गॅस गोळा करायची व्यवस्था जोडली गेली. तो गॅस दिव्यांना वापरला, पुढे त्यावर इंजिन चालवलं. जगभरच्या बायोगॅसच्या इतिहासात माटुंग्याचं नाव येतं. अनेक पुस्तकांत यासाठी १८५९ हे साल छापलेलं आढळतं. पण ज्या घराचा पायाच १८९० चा, तिथे १८५९ मध्ये गॅस कुठून निघणार? एकानं चुकीचं लिहिलं की पुढचे शंभर जण तेच उतरवून काढतात, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

आता गंमत बघा. एकाच साली, एकाच साम्राज्यात, दोन वाटा फुटल्या. लंडनच्या कोरड्या, कोळशाळलेल्या कचऱ्याला आग मानवली. माटुंग्याच्या ओल्या घाणीला हवाबंद टाकी मानवली. दोन्हीकडे ऊर्जाच मिळाली. फरक मालात होता. हे समजून घेतलं असतं तर पुढचे कितीतरी कोटी वाचले असते.

कोटी म्हटलं, आता दिल्ली. १९८७ मध्ये दिल्लीच्या तिमारपूर भागात देशातला पहिला मोठा प्रकल्प उभा राहिला. दिवसाला ३०० टन कचरा जाळायचा, त्यातून ३.७५ मेगावॉट वीज. तंत्रज्ञान डेन्मार्कचं. डेन्मार्क या कामातला दादा देश. फ्रेडरिक्सबर्ग गावानं १९०३ मध्येच कचऱ्याची भट्टी बांधून तिच्या उष्णतेवर रुग्णालय उबदार ठेवलं होतं. मग तिमारपूरला काय झालं? प्रकल्प २१ दिवस चालला. एकवीस. सत्यनारायण घालून गोंधळ आवरेपर्यंत बंद.

का बंद पडला, हे आपण इथे फळ्यावर करून बघू. घाबरू नका, सातवीचं गणित आहे.

एक किलो शहरी कचरा घ्या, मिसळलेला, जसा आपल्या घंटागाडीत पडतो तसा. त्यात साधारण निम्मं पाणी असतं, कारण आपण ताजी भाजी आणतो, डेखं-सालं टाकतो, खरकटं टाकतो, वर पावसाळा असतो. पाव किलो माती, राख, खडे, विटांचे तुकडे. आपण अंगण झाडतो, रस्ता झाडतो, ते सगळं त्यात. उरला पाव किलो, जो खरोखर जळतो. कोरडा जैविक माल किलोला साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता देतो, म्हणजे पाव किलोचे झाले १,०००. आता अर्धा किलो पाणी आहे ना, ते आधी तापवून त्याची वाफ करावी लागते. त्याला लागतात सुमारे ३००. हातात राहिले ७००.

तिमारपूरची यंत्रणा ज्या हिशेबानं बांधली होती तो आकडा होता १,४६२ किलोकॅलरी. प्रत्यक्षात जो कचरा आला तो ६००–७०० चा. आपलं फळ्यावरचं गणित आणि दिल्लीची हकिकत जुळली बघा. कमी उष्णतेचा कचरा जळत ठेवायला वरून तेल ओतावं लागतं. म्हणजे बंबात ओली पालेभाजी घालायची आणि वर रॉकेल!

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. नागपूरला नीरी ही संस्था आहे, १९५८ मध्ये स्थापन झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं भारतीय शहरांचा कचरा तपासला आणि तो ओला, मातीमिश्रित आणि साधारण ८०० ते १,००० किलोकॅलरीचा आहे हे मांडलं. नागपूर ते दिल्ली अंतर फार नाही. पण कोपनहेगन जवळचं वाटलं.

पुढची पंधरा-वीस वर्षं मी झटकन उरकतो. १९९६ मध्ये अलमित्रा पटेल सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या खटल्यातून कचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम २००० मध्ये आले. हैदराबाद, विजयवाडा इथे कचऱ्यापासून कोरडं इंधन करून जाळायचे प्रकल्प निघाले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकल्पांच्या अनुदानाला लगाम घातला, नंतर मोजक्या प्रायोगिक प्रकल्पांना मोकळीक दिली. २०१६ चे नियम आले, त्यात म्हटलं की ज्या कचऱ्याचा पुनर्वापर होत नाही आणि ज्याची उष्णता १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त आहे, तो जमिनीत पुरू नका, ऊर्जेसाठी वापरा. वाक्य चांगलं आहे. फक्त त्यातल्या ‘पुनर्वापर होत नाही’ या चार अक्षरांवर, म्हणजे अक्षरं जास्त आहेत, पण त्यावर सगळं भांडण आहे.

भांडण कुणाचं? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, डॉ. बाबा आढाव तिच्या मागे उभे होते. कचरा वेचणाऱ्या बायांची संघटना. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. आता बघा, वेचक बाईच्या दृष्टीनं कचऱ्यातला मौल्यवान माल कोणता? पुठ्ठा, कागद, प्लास्टिक. आणि बॉयलरच्या दृष्टीनं मौल्यवान माल कोणता? पुठ्ठा, कागद, प्लास्टिक. भाजीच्या डेखांवर दोघांचंही प्रेम नाही. म्हणून जिथे जिथे जाळायचा प्रकल्प येतो तिथे पहिला प्रश्न वेचक बाया विचारतात, आणि तो प्रश्न भाबडा नसतो. कारण प्रकल्पवाल्यांशी करार होतो तो रोज इतके टन देऊ असा, पंधरा-वीस वर्षांचा. बॉयलरला रोज पोट भरून लागतं. गावानं कचरा कमी करायचा ठरवला तर बॉयलर उपाशी. अशी ही अडचण आहे.

पुण्यातच हडपसरच्या रामटेकडीला ७०० टन कचऱ्यातून १० मेगावॉट विजेचा प्रकल्प जाहीर झाला होता. जाहीर क्षमतेइतका कचरा तिथे नियमित जिरला नाही आणि भोवतालच्या वसाहतींतले लोक वासानं हैराण होऊन रस्त्यावर आले. सोलापूरनं वेगळी वाट धरली, माटुंग्याची वाट. तिथला ३ मेगावॉटचा प्रकल्प कचरा जाळत नाही, टाक्यांत कुजवून गॅस काढतो आणि गॅसवर वीज करतो. वर्तमानपत्रात दोन्हींना एकच मथळा असतो, ‘कचऱ्यातून वीज’. वाचणाऱ्याला वाटतं एकच प्रकार आहे.

आणि पिंपरी-चिंचवड. मोशीच्या डेपोवर १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. १४ मेगावॉट. वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरायचा असं जाहीर झालं. याचाही हिशेब करू. अडीच लाख टन म्हणजे दिवसाला ६८५ टन. चौदा मेगावॉट पूर्ण चोवीस तास चालले तर ३ लाख ३६ हजार युनिट. भागाकार केला की एका टनाला ४९० युनिट, म्हणजे किलोला अर्धा युनिट. ही अगदी आदर्श परिस्थिती. तिमारपूरला जे जमलं नाही ते इथे कशानं जमतं? दोन कारणं. एक, कचरा आधी निवडतात, चाळतात, वाळवतात. दुसरं कारण आपल्या पिशवीत आहे. १९८७ च्या कचऱ्यात प्लास्टिक नावापुरतं होतं. आज प्रत्येक वस्तू प्लास्टिकात गुंडाळून येते, आणि प्लास्टिक म्हणजे घट्ट झालेलं खनिज तेल. आपला कचरा आता बरा जळतो, त्याचं श्रेय गुटख्याच्या पुड्यांना आणि पाण्याच्या बाटल्यांना आहे. तेव्हा ही हरित ऊर्जा आहे असं कुणी म्हणालं की मी विचारतो, बॉयलरमध्ये नेमकं जळतंय काय?

प्लास्टिक कमी तापमानाला जाळलं, विशेषतः क्लोरीन असलेलं, की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. १९७६ मध्ये इटलीत सेवेसो गावाजवळच्या कारखान्यातून डायॉक्सिन सुटलं तेव्हा जगाला हे नाव कळलं. म्हणून चांगल्या भट्टीत वायू ८५० अंशांवर निदान दोन सेकंद राहिला पाहिजे असा दंडक आहे, पुढे धूर धुवायची, गाळायची यंत्रणा. ही यंत्रणा भट्टीइतकीच महाग. आणि आपण कोपऱ्यावर झाडलेला कचरा पेटवून देतो ना, थंडीत शेकायला? तिथे ना ८५० अंश, ना गाळणी. सगळा माल आपल्या छातीत.

आता आपल्या रस्त्यावर येतो. खुलताबादहून शहराकडे निघालात की घाट उतरता, दौलताबाद मागे टाकता, आणि शहराच्या तोंडाशी मिटमिटा, पडेगाव लागतं. या रस्त्यानं तुम्ही हजारदा गेलात. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी शहराच्या दुसऱ्या टोकाला नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कितीतरी वर्षं शहराचा सगळा कचरा, रोजचा साडेचारशे टनांच्या आसपास, त्यांच्या उशाशी पडत होता. विहिरी नासल्या, माश्या, धूर, कुत्री. त्यांनी सांगितलं, बास. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानंही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. मग शहर जागा शोधत फिरायला लागलं आणि गाड्या आपल्या रस्त्याला लागल्या. ७ मार्च २०१८, मिटमिटा. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, दगडफेक झाली, वाहनं पेटली, लाठीमार झाला, पोलीस घरात घुसून मारताहेत अशा चित्रफिती घरोघरी पोचल्या. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, पालिका आयुक्तांची बदली झाली. कचऱ्यापायी. एका शहराचा आयुक्त कचऱ्याच्या ढिगावरून घसरतो, हे महाराष्ट्राच्या प्रशासनाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

ते महिने मला आठवतात. शहरात चौकाचौकात ढीग होते आणि रात्री लोक ते पेटवून द्यायचे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी. आणि नेमक्या त्याच दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच मंत्र होता : कचऱ्यातून वीज करून टाका! जणू वीज हा कचऱ्याचा गर्भगृहातला देव आणि बटण दाबलं की प्रसन्न. माझा एक मित्र पोटतिडकीनं म्हणाला, परदेशात बघ, कचऱ्याच्या भट्टीवर घसरगुंडी करून खेळतात. खरं आहे, कोपनहेगनला भट्टीच्या छपरावर तसा उतार आहे. पण कोपनहेगनची भट्टी वीज करते त्याहून जास्त उष्णता घराघरात गरम पाण्याच्या नळ्यांनी विकते. वाफेच्या यंत्रात उष्णतेचा साधारण पाव हिस्साच वीज होतो. बाकी त्यांना विकता येतो, कारण तिथे आठ महिने थंडी. आपल्याकडे वैशाखात खुलताबादला गरम पाणी विकायला बसलो तर कोण घेईल? (हशा)

शहरानं शेवटी वेगवेगळ्या टोकांना प्रक्रिया केंद्रं केली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचं ३० टनांचं केंद्र. म्हणजे वळून वळून पुन्हा माटुंगा. आणि अनेक शहरांतला निवडलेला कोरडा, जळाऊ कचरा आता सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो. तिथे भट्टी आधीच १,४०० अंशांच्या पुढे तापलेली असते, कोळशाच्या जोडीला हाही जळतो. वेगळा बॉयलर बांधावा लागत नाही, राखही सिमेंटमध्येच जिरते.

एक कबुली देतो. मीसुद्धा एकेकाळी या मंत्राच्या मोहात होतो. काही वर्षांपूर्वी एका शहरातला असाच प्रकल्प बघायला मुद्दाम गेलो, शहराचं नाव सांगत नाही. झकास रंगवलेली इमारत, दारात तुळशीवृंदावन, भिंतीवर मेगावॉटचे आकडे. आत संच बंद. ऑपरेटर पोरगा भला होता. म्हणाला, सर, तीन दिवस पाऊस आहे, माल ओला येतोय. मी विचारलं, मग हे दिवे? तो म्हणाला, हे बाहेरून घेतलेल्या विजेवर.

आता खुलताबादचं बोलू. गाव पंधरा-सोळा हजार वस्तीचं. माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा धरला तर पाच टनांच्या आत-बाहेर. मोशीचा आदर्श हिशेब लावला, किलोला अर्धा युनिट, तर चोवीस तासांची मिळून होते सुमारे १०० किलोवॉटची जोडणी. शेतकरी मंडळींच्या भाषेत सांगायचं तर पाच अश्वशक्तीचे पंचवीस-सव्वीस पंप. एवढ्यासाठी वाफेचा बॉयलर, धूर धुवायची यंत्रणा, चिमणी असलं काही कुणी बांधत नाही, बांधलं तर परवडत नाही. तेव्हा गावाला जळता प्रकल्प देतो असं उद्या कुणी सांगत आला तर त्याला चहा पाजा आणि हा फळा दाखवा.

पण गावाची खरी गंमत सरासरीत नाही. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला काय गर्दी होते? हनुमान जयंतीला अख्खं शहर रात्रभर चालत येतं. दर्ग्यांचा उरूस असतो. त्या दिवसांतला कचरा म्हणजे रुईच्या माळा, गुलाब, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या, प्रसादाची द्रोण-पानं, आणि रस्त्याच्या कडेनं पाण्याची पाकिटं. यातली फुलं, पानं, खरकटं टाकीत घाला, गॅस होतो. असं मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं हे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीनं दाखवलं, डॉ. शरद काळे त्यासाठी गावोगाव फिरले. माथेरानला, म्हणजे आपल्यासारख्याच पाहुण्यांच्या डोंगरगावात, तसा प्रकल्प झाला. घरगुती आकाराचं काम पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनं केलं, त्यासाठी २००६ मध्ये त्यांना ॲश्डेन पुरस्कार मिळाला. करवंट्यांना आजही गिऱ्हाईक आहे. राहिली पाण्याची पाकिटं. ती टाकीत चालत नाहीत, खतात चालत नाहीत.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय : “सर, पाकिटं वेगळी गोळा केली तर शहराच्या गाडीबरोबर देता येतील का?” देता येतील, पण कोरडी आणि वेगळी. फुलात मिसळलेली ओली पाकिटं कुणी घेणार नाही, ना सिमेंटवाला, ना वेचक बाई.

दुसरा प्रश्न, ताईंचा : “यात्रेचा कचरा नेमका किती असतो?” ताई, हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर फळ्यावर काढता येत नाही. पुढच्या हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मंदिराच्या मागच्या बाजूला भेटू. मी येतो. तुम्ही चार ताडपत्र्या आणा, हातमोजे आणा, आणि गावात कापसाचा किंवा भुसाराचा व्यापार करणारं कुणी असेल तर त्यांचा मोठा वजनकाटा मागून ठेवा.